ओळीवर बोट ठेवायला सांगा

प्रश्न

ताई, नमस्कार. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत. बहुतेकांच्या घरी मराठी, काहींच्या घरी कन्नड, दोघा-चौघांच्या घरी कोंकणी. दहावीच्या पुस्तकातली शेक्सपिअरची ‘क्वालिटी ऑफ मर्सी’ शिकवून झाल्यावर चाचणी घेतली. सारांश विचारला होता. निम्म्या वर्गानं गाईडमधला परिच्छेद उतरवला. उत्तर बरोबर होतं, मी गुण दिले. दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, पोर्शिया हे सगळं कुणाला सांगतेय आणि कशासाठी? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “टीचर, त्यानं सुरी काढलीय की. ती त्याला थांबवायला बघतीय.” चाचणीत या मुलीचा कागद जवळजवळ कोरा होता. आपण गुण नक्की कशाला देतो, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. नाटकाचा पाठ तर आम्ही नुसता वाचून संपवतो. सहकारी म्हणतात, उत्तरसूची बघा आणि गुण द्या, बोर्डात तेच चालतं. मुख्याध्यापकांना निकाल हवा. कविता आणि नाटक मुलांना कळलंय का, हे तपासायचं कसं? आणि मराठीत दिलेलं उत्तर धरायचं का?

– एक शिक्षिका

उत्तर

नमस्कार बाई,

त्या मुलीला कविता कळलीय, आणि वर्गातल्या इतरांपेक्षा नीट कळलीय. हे भाषण ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकातलं. त्यात सावकार शायलॉक सुरीला धार लावतो ते पोर्शिया न्यायालयात येण्याच्या थोडं आधी. अँटोनियो या व्यापाऱ्याच्या अंगाचं पौंडभर मांस कापून घ्यायचा हक्क त्याला करारानं मिळालाय, आणि तो वसूल करायला तो आलाय. अशा वेळी तरुण कायदेपंडिताच्या वेषात आलेली पोर्शिया त्याच्यापुढं दयेबद्दल बोलते. पाठ्यपुस्तकात मात्र ते भाषण नाटकातून काढून कविता म्हणून छापलंय. न्यायालय गेलं, सुरी गेली, अँटोनियो गेला. दयेवरच्या सुंदर ओळी तेवढ्या उरल्या. मुलं मग त्या सुविचारासारख्या वाचतात आणि दयेवर निबंध लिहितात. तुमच्या त्या मुलीनं सगळा प्रसंग परत आपल्या जागी आणून ठेवला.

तुमच्या चाचणीत एकाच गुणात तीन गोष्टी मोजल्या गेल्या: इंग्रजी लिहिता येणं, गाईड पाठ असणं आणि कविता समजणं. पहिल्या दोन असल्या की तिसरी नसली तरी निभावून जातं. तिसरी एकटीच असली, तर पदरात काही पडत नाही. माझं सांगणं एवढंच आहे की समज वेगळी तपासा, इंग्रजी वेगळं तपासा, आणि समज तपासताना प्रत्येक उत्तराला कवितेतली एक ओळ मागा. मूल म्हणालं ‘तो दुःखी आहे’, तर लगेच विचारायचं, “कुठल्या ओळीवरून म्हणतोस? बोट ठेव.” ज्यानं गाईड पाठ केलंय तो इथं अडखळतो, कारण गाईडमध्ये निष्कर्ष असतात, ते कुठून आले हे नसतं. ज्याला समजलंय त्याचं बोट, थोडं इकडंतिकडं फिरून का होईना, त्या ओळीवर जाऊन थांबतं.

आपली मुलं इंग्रजीत कच्ची म्हणून कविता कळत नाही, असं आपण सहज म्हणतो. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि काय वाटलं ते लिहून मागितलं. ते सगळं त्यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलं. उत्तम इंग्रजी येणाऱ्या त्या मुलांपैकीही कितीतरी जण कवितेचा साधा वाच्यार्थ चुकले होते. आणखी एक दोष रिचर्ड्सना ठळक दिसला. कवितेत ओळखीचा विषय दिसला की वाचक आधीपासून मनात तयार असलेल्या भावना तिच्यावर ओततो आणि समोरची कविता वाचायचीच राहते. आपल्याकडं ‘मर्सी’ला हेच होतं. आई, देश, निसर्ग, दया हे शब्द दिसले की मुलांचं पेन आपोआप चालायला लागतं. त्यात मुलांचा दोष मी मानत नाही. पहिलीपासून फळ्यावरचा सुविचार आणि कवितेचं तात्पर्य एकाच सुरात शिकवलं, की दोन्ही एकच वाटायला लागतात.

आता एक कविता घेऊन हे करून बघू. तुमच्याच पुस्तकातली ‘ब्लाइंड बॉय’ घ्या. कॉली सिबर या अठराव्या शतकातल्या इंग्रज नट-नाटककाराची ती कविता. आंधळा मुलगा विचारतो, उजेड उजेड म्हणता तो असतो तरी कसा? तुम्ही म्हणता सूर्य झळकतो; मला त्याची ऊब कळते, पण तो दिवस आणि रात्र कशी करतो ते काही कळत नाही. माझा दिवस, माझी रात्र मीच करतो, खेळलो की दिवस, झोपलो की रात्र. तुम्ही माझ्यासाठी उसासे टाकता ते मला ऐकू येतात. पण जे कधी माहीतच नाही ते नसल्याचं मी सोसू शकतो. मी गातो तेव्हा राजा असतो, गरीब आंधळा मुलगा असलो तरी.

प्रश्न विचारा: या कवितेत दुःखी कोण आहे? समजा, तीन मुलांनी तीन उत्तरं दिली. पहिल्यानं लिहिलं, ‘द पोएट फील्स पिटी फॉर द ब्लाइंड बॉय अँड टीचेस अस टू बी काइंड.’ व्याकरण शुद्ध, अक्षर वळणदार. दुसऱ्यानं लिहिलं, ‘बॉय नॉट सॅड. पीपल सॅड. ही सिंग, ही किंग.’ तिसरीनं मराठीत सांगितलं, “त्याला उजेड म्हणजे काय तेच माहीत नाही, मग गेला म्हणून रडायचं कशाला? लोकच रडत बसलेत.” पहिलं उत्तर कवितेच्या बरोबर उलट आहे. कवितेतला मुलगा कीव नाकारतो, आणि या विद्यार्थ्यानं कवितेच्या नावानं त्याच्यावर तीच कीव लादली. दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात कविता पूर्ण आहे. तिसरीनं तर कवितेतला सगळ्यात अवघड विचार पकडलाय, कधीच नसलेल्या गोष्टीचं दुःख होत नाही हा.

पाच गुणांचा प्रश्न असेल तर मी असं करीन. दोन गुण योग्य ओळ शोधून दाखवण्याला. दोन गुण त्या ओळीतून काय कळलं हे सांगण्याला, ते कुठल्याही भाषेत असो. एक गुण इंग्रजी वाक्याला. पहिल्याला एक गुण मिळेल. दुसऱ्याला ‘किंग’ची ओळ दाखवता आली तर चार, आणि वाक्यं सुधारली की पाच. तिसरीनं ओळ दाखवली तर तिलाही आज चार. इंग्रजीवर अन्याय झाला असं कुणी म्हणेल. पण इंग्रजी तपासायला पत्र आहे, निबंध आहे, व्याकरण आहे, उताऱ्यावरचे प्रश्न आहेत. तिथं ते काटेकोर तपासा, एकही चूक सोडू नका. कवितेच्या प्रश्नात तेच पुन्हा मुख्य धरलं, तर एका उणिवेसाठी मुलाला दोनदा शिक्षा होते.

मराठीत दिलेल्या उत्तराचं विचारलंत. वर्गात, तोंडी, पहिल्या फेरीत ते अवश्य धरा. कन्नड घरातल्या मुलानं कन्नडमध्ये सांगितलं तर तेही धरा. तुमच्या भागात इतकी वर्षं शिकवताना कन्नड कानाला सरावलेलं असणारच. कोंकणीतलं उत्तर तर मराठी कानाला कळतंच. पण तिथं थांबू नका, कारण बोर्डाच्या पेपरात मराठी चालणार नाही आणि मुलीला खोट्या भरवशावर ठेवणं हा तिच्यावरचा मोठा अन्याय होईल. तोंडी उत्तर मिळालं की लगेच सांगा, “आता ती ओळ वहीत उतरव.” ओळ कवितेतली असते, इंग्रजीत असते आणि शुद्ध असते. ज्याला स्वतःचं एक वाक्य लिहायची धास्ती वाटते, त्याच्या वहीतही अशी इंग्रजीतली बरोबर ओळ येते. मग त्या ओळीखाली तीन-चार शब्दांचं स्वतःचं वाक्य. शब्द हवे असतील तर फळ्यावर द्या. ‘बॉय नॉट सॅड’चं ‘द बॉय इज नॉट सॅड’ करायला फार वेळ लागत नाही, कारण मुलाजवळ सांगायला काहीतरी असतं. गाईड पाठ करणाऱ्याजवळ नेमकं तेच नसतं.

शब्दार्थ आधीच द्या, आणि ते तपासू नका. जुन्या इंग्रजीतले ‘ड्रॉपेथ’, ‘ब्लेसेथ’ यांत मूल अडकून पडलं तर आपण कविता तपासत नाही, शब्दकोश तपासतो.

प्रतिमा कळली का, हे तपासायला आपल्या भागाएवढी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही. पोर्शिया म्हणते, दया आभाळातून उतरणाऱ्या हळुवार पावसासारखी खालच्या जमिनीवर येते. मूल लिहितं, ‘मर्सी इज कम्पेअर्ड टु रेन’, एक गुण, संपलं. इथं थांबू नका. विचारा, “आपल्याकडं असा पाऊस कधी पडतो?” कणकुंबी-जांबोटीकडून येणाऱ्या मुलाला पाऊस म्हणजे जुलैमधला, दिवसच्या दिवस कोसळणारा, ओढ्याला पूर आणणारा, शाळेला सुट्टी देणारा. त्याला थांबून विचार करावा लागतो की हा तो पाऊस नव्हे. मग एखादा म्हणेल, भात लावायच्या आधीची भुरभुर. तुमच्याऐवजी अथणीकडची शिक्षिका असती, तर तिच्या वर्गाचं उत्तर वेगळं आलं असतं, कारण तिथं पावसाची वाट बघणं हेच आधी आठवतं. दोन्ही उत्तरं बरोबर, पण पुढचा प्रश्न दोघांनाही तोच: मग पोर्शियाला त्या पावसातलं नेमकं काय हवंय? मागून मिळत नाही हे? आपोआप येतो हे? चांगल्या-वाईट सगळ्या जमिनीवर सारखा पडतो हे? इथं मुलं एकमेकांशी भांडायला लागली तर समजा तास सत्कारणी लागला. आणि प्रत्येक भांडणाऱ्याला विचारायचं, कुठली ओळ?

आमच्या सीमाभागातल्या मुलांजवळ आणखी एक मोठी गोष्ट आहे, आणि परीक्षेत तिचा उपयोग कुणी करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. बसवण्णांचं ‘दयवे धर्मद मूलवय्या’ हे वचन त्यांनी कन्नडच्या तासाला किंवा गावात कुठंतरी ऐकलेलं असतं. ‘जे का रंजले गांजले’ घरातल्या भजनात ऐकलेलं असतं. ही दोन्ही पोर्शियाच्या भाषणाशेजारी ठेवा. ‘साम्य सांगा’ हा प्रश्न सोपा, आणि त्यात सुविचार परत शिरतो. ‘फरक सांगा’ असं विचारा. बसवण्णा सगळ्या जीवांबद्दलच्या दयेला धर्माचं मूळ म्हणतात. तुकोबा रंजल्या-गांजल्यांना आपलं म्हणणाऱ्यात साधू ओळखायला सांगतात. पोर्शिया एकाच माणसाशी बोलतेय, त्याच्या हातात सुरी आहे, आणि तिला आपल्या नवऱ्याच्या मित्राचा जीव वाचवायचाय. तिचं बोलणं विनवणी आहे, युक्तिवाद आहे, आणि थोडा वेळ काढणंही असेल. हा फरक ज्या मुलाला दिसला त्याला नाट्य कळलं.

कधी एखादा विचारील, “टीचर, मग पोर्शियानं शायलॉकवर दया केली काय?” हा प्रश्न आला तर मुद्दाम वेळ काढा. खटला उलटल्यावर शायलॉकची निम्मी संपत्ती जाते आणि त्याला ख्रिस्ती व्हायला भाग पाडलं जातं. तो ज्यू आहे म्हणून व्हेनिसमध्ये त्याला काय काय सोसावं लागलं, हेही नाटकात आहे. पुस्तकातल्या उताऱ्यात हे येत नाही, तेव्हा गोष्ट तुम्हीच थोडक्यात सांगा. मुलानं दयेच्या भाषणाकडं बघून असा प्रश्न विचारला, तर माझ्या मते तो अख्ख्या सारांशापेक्षा वरचा आहे. त्याला पूर्ण गुण द्या, आणि उत्तरसूचीत हे नव्हतं म्हणून कुणी विचारलं तर ती ओळ दाखवा, जिथं पोर्शिया म्हणते की दया देणाऱ्यालाही पावन करते आणि घेणाऱ्यालाही.

मग कुठलाही अर्थ चालेल का, असं तुमचे सहकारी विचारतील. चालणार नाही. कवितेला एकापेक्षा जास्त अर्थ असू शकतात, पण ज्याला ओळीचा आधार नाही तो अर्थ कवितेचा नव्हे. ‘ब्लाइंड बॉय’मध्ये मुलगा मनातून दुःखीच आहे, वरवर गातो, असं एखादी म्हणाली आणि शेवटच्या ओळीतल्या ‘गरीब’ या शब्दावर तिनं बोट ठेवलं, तर मी तिला गुण देईन, मला स्वतःला ते पटलं नाही तरी. तोच आंधळा मुलगा शेवटी देवाला दृष्टी मागतो असं कुणी लिहिलं, तर शून्य. तशी ओळच नाही.

नाटकाचा पाठ वाचून संपवता असं लिहिलंत. इथं मी थोडी कडक होते. नाटकात जे बोललं जातं ते अर्धंच असतं. बाकीचं असतं कोण कुठं उभा आहे, कोण कुणाकडं बघत नाही, कोण गप्प आहे यात. हे प्रश्नोत्तरांतून तपासता येत नाही. आणि बेळगाव भागातल्या मुलांना ते शिकवायचीही फारशी गरज नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ट्रॉलीवर उभं राहून जिवंत देखावे करणारी हीच मुलं आहेत. आग्र्याच्या दरबारात महाराजांची मान कशी असेल, मागचा सरदार कुठं बघत असेल, हे त्यांना माहीत असतं. कित्येकांनी ते तासन्‌तास उभं राहून केलेलं असतं. गोकाक-रायबाग बाजूच्या काही मुलांनी श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य बघितलेलं असतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं जन्मगाव गुर्लहोसूर याच जिल्ह्यात आहे. नाटक या मातीला परकं नाही, फक्त इंग्रजीच्या तासाला ते दाराबाहेर राहतं.

तेव्हा देखावा मागा. ‘डिस्कव्हरी’ ही कोलंबसाच्या जहाजावरची एकांकिका घ्या. खलाशी वैतागलेत, जमीन दिसत नाही, बंडाची भाषा चाललीय, आणि पेपे नावाचा पोरगा एकटा कोलंबसाच्या बाजूनं बोलतो. पाच मुलांचा गट करा. कुठलाही एक क्षण निवडायचा, संवाद नाही, नुसतं थिजून उभं राहायचं. बाकीचा वर्ग बघेल. मग एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून विचारा, “तू इथं का उभा आहेस? पेपेपासून एवढ्या लांब का?” उत्तर मराठीत आलं तर येऊ दे. आणि लगेच, “कुठल्या वाक्यावरून?” एखादा म्हणेल, मी खलाशी आहे, मला राग आहे, पण कोलंबस समोर आल्यावर बोलायचं धाडस होत नाही, म्हणून मी दुसऱ्याच्या मागं आहे. त्याला नाटक समजलंय. कुणी नुसताच ओळीत उभा राहिला आणि ‘टीचर, सगळे उभे होते म्हणून’ म्हणाला, तर त्याला अजून नाही समजलं. इतकं स्वच्छ उत्तर लेखी परीक्षेतून मिळत नाही. अभिनयाला गुण देऊ नका. लाजाळू मूल थिजून उभं राहू शकतं, आणि कारण सांगू शकतं, तेवढंच हवंय.

पोर्शियाच्या भाषणालाही हे लागू पडतं. एकदा ते विनवणीच्या सुरात वाचायला सांगा, एकदा दटावणीच्या. मग वर्गाला विचारा, कुठला सूर बसतो आणि कुठल्या ओळीला तो बदलायला हवा. शायलॉक झालेल्या मुलाला एकही वाक्य देऊ नका, ऐकताना तो काय करतो तेवढंच बघा. भाषण संपल्यावर शायलॉक म्हणतो, माझ्या कृत्यांचं फळ माझ्या माथी, मला कायदा हवा. म्हणजे एवढं सगळं ऐकून तो हललेला नाही. मुलाच्या चेहऱ्यावर आणि हातांत ते आलं का? उच्चारांसाठी मात्र गुण कापू नका. आपल्या मुलांच्या इंग्रजीत मराठी आणि कन्नड दोन्हीचे सूर येतात, येऊ देत. वाचताना मूल चुकीच्या ठिकाणी थांबतं का, हे ऐका. ओळ संपली म्हणून थांबलं, की अर्थ संपला म्हणून? कविता कळली का, हे त्या थांबण्यावरून बरंच समजतं.

पाठांतराबद्दल माझं मत तुमच्या सहकाऱ्यांना आवडेल. कविता पाठ असलीच पाहिजे. बोर्डात पाठांतराचा प्रश्न येतो म्हणून, आणि पाठ असलेली कविता पुढं आयुष्यभर सोबत राहते म्हणूनही. पण म्हणून घेताना मधेच थांबवा. “इथं ती ‘ब्लेस्ड’ म्हणाली, दोनदा का?” उत्तर आलं तर पुढं म्हणू द्या. दिवसाला चार मुलं झाली तरी पुरे.

वेळेचं कळतं मला. पन्नासच्या वर मुलं, चाळीस मिनिटांचा तास, त्यात अभ्यासक्रम पुरा करायचा. म्हणून सगळं सगळ्यांचं एकाच वेळी तपासायला जाऊ नका. वर्षाला चार एफए, म्हणजे आकारिक चाचण्या, असतात. पहिल्या एफएला ओळ शोधायचा प्रश्न सगळ्यांना लेखी, दुसऱ्याला देखावा गटानं, तिसऱ्याला मोठ्यानं वाचन, चौथ्याला न शिकवलेली कविता. प्रत्येक मुलाच्या नावापुढं दोन रकाने ठेवा, समज आणि इंग्रजी. तारीख आणि एका वाक्याची नोंद. ‘किंगची ओळ दाखवली’, ‘सारांश पाठ, ओळ सापडली नाही’. ही वही तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढंही ठेवता येते आणि पालकांपुढंही. मूल कुठं अडलंय हे १४ किंवा १६ या आकड्यावरून कळत नाही, या एका ओळीवरून कळतं.

न शिकवलेली कविता मी मुद्दाम शेवटी ठेवलीय. आठ-दहा ओळींची, सोप्या शब्दांची, कठीण शब्दांचे अर्थ खाली दिलेली. जुन्या वर्षांच्या पुस्तकात किंवा वाचनालयात मिळेल. जिचं गाईड मुलांच्या हातात नाही, अशी हवी. तीनच प्रश्न: बोलतंय कोण, कुणाशी? कुठल्या ओळीला बोलण्याचा सूर बदलतो? कुठली एक ओळ काढली तर कविता पडेल, आणि का? तिसरा प्रश्न मला फार प्रिय आहे. त्याला एकच बरोबर उत्तर नसतं, आणि कॉपी करून उपयोग नसतो, कारण शेजाऱ्याची ओळ घेतली तरी त्याचं ‘का’ स्वतःच द्यावं लागतं. वर्षभर ओळीवर बोट ठेवायची सवय लागलेली मुलं इथं तुम्हाला चकित करतील, आणि तुमची शिकवणी कुठं कमी पडली तेही याच कागदांवर दिसेल.

मुख्याध्यापकांशी बोलताना तत्त्वाची भाषा वापरू नका, निकालाचीच वापरा. बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपरात १०० पैकी ८० लेखी आहेत आणि २० शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. लेखीत कवितेचा किंवा नाटकाचा उतारा देऊन ‘हे कोण कुणाला म्हणालं’, ‘यातला आय कोण’, ‘असं का म्हटलं’ असले प्रश्न येतात. गाईडचा सारांश पाठ असलेलं मूल याच प्रश्नांना घाबरतं, कारण उतारा कुठून येईल ते सांगता येत नाही. ओळीवर बोट ठेवायला शिकलेल्या मुलाला उतारा आयता हातात मिळतो. सारांशाचा प्रश्नही त्याला जड जात नाही. दोन महत्त्वाच्या ओळी आठवल्या की त्यांच्याभोवती चार वाक्यं उभी राहतात. गाईडवर बंदी घालू नका. गरीब घरातल्या पोरानं पैसे देऊन घेतलेलं पुस्तक आहे ते. उलट वर्गात उघडायला लावा आणि विचारा, “हे वाक्य कवितेतल्या कुठल्या ओळीवरून आलं?” कधी कधी गाईडच चुकलेलं सापडतं, आणि ते मुलांनी शोधलं तर त्यांचा आत्मविश्वास कितीतरी वाढतो.

सुरुवात लहान करा. दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या सहामाहीचा पेपर तुम्हीच काढत असाल, तर कवितेवरच्या सारांशाच्या एका प्रश्नाऐवजी ‘दुःखी कोण आहे, ओळ लिहून कारण द्या’ एवढा एकच प्रश्न घाला. गुणांची वाटणी पेपरातच छापा, म्हणजे मुलांना आणि सहकाऱ्यांना ती आधीपासून माहीत असेल. पेपर तपासताना सहकाऱ्यालाही दहा उत्तरं द्या, नावं झाकून, आणि दोघांनी वेगवेगळे गुण द्या. जिथं दोघांचे आकडे जुळणार नाहीत ती उत्तरं घेऊन स्टाफरूममध्ये बसा, कविता उघडून.